नावाचा धनी कोण? : इंटरनेटची नवी अंत्यपदे आणि सरकारांचे आक्षेप

टपालाच्या पाकिटावरील पत्ता लिहिणारा वरून खाली लिहितो, परंतु टपालखाते तो खालून वर वाचते. प्रथम देश, मग प्रांत, मग जिल्हा, मग गाव, आणि सर्वांच्या शेवटी आळी, घर व घरधनी. ज्या पाकिटावरची शेवटची ओळ चुकली, ते पाकीट घरधन्याचे नाव कितीही वळणदार अक्षरांत लिहिलेले असले तरी इष्ट स्थळी पोहोचावयाचे नाही. इंटरनेटवरील नावांचीही हीच तऱ्हा आहे. वाचणारा ते नाव डावीकडून उजवीकडे वाचतो. यंत्र मात्र उजवीकडून डावीकडे जाते. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट इन’ हे जे शेवटचे तुकडे, त्या पत्त्यांच्या शेवटच्या ओळी होत.

या शेवटच्या तुकड्यास पुढील विवेचनात अंत्यपद असे म्हटले आहे. अंत्यपद ते केवढे? चार-सहा अक्षरांचे! परंतु अशाच काही अंत्यपदांसाठी दक्षिण अमेरिकेतील आठ देश आणि जगातील एक बलाढ्य कंपनी यांचा झगडा सात वर्षे चालला. मुंबईच्या एका विख्यात उद्योगसमूहास स्वतःचेच नाव मिळाले नाही. आणि प्रभु रामचंद्राचे नाव मालमोटारींच्या एका कारखानदारास देऊ नये, असे भारत सरकारला जगापुढे सांगावे लागले. हा तंटा नेमका काय आहे आणि त्यात सामान्य माणसाचे काय गुंतले आहे, हे कळण्यासाठी प्रथम ही अंत्यपदे येतात कोठून ते पाहिले पाहिजे.

यंत्रास नावे कळत नाहीत, अंक कळतात. इंटरनेटला जोडलेल्या संगणकास अंकांचा पत्ता असतो. पण माणसाच्या स्मरणात असे अंक राहत नाहीत. म्हणून नावावरून अंक शोधून देणारी एक व्यवस्था पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये आखली. तिच्या मुळाशी एक यादी आहे. कोणतेही नाव आले की तत्त्वतः शोधाचा प्रारंभ या मूळ यादीपासून होतो. ‘इन’ने संपणारी नावे कोणाच्या वहीत आहेत, एवढेच ती यादी सांगते, त्या वहीत त्याच्या अलीकडच्या तुकड्याचा ठावठिकाणा मिळतो, आणि अशा रीतीने पायरी-पायरीने इष्ट संगणक सापडतो. ज्या अंत्यपदाची मूळ यादीत नोंद नाही, ते इंटरनेटच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. आणि ज्याची नोंद आहे, त्याची वही एकाच धन्याच्या हाती असते.

कलहाचे बीज या शेवटच्या गोष्टीत आहे. व्यवहारात एका नावाचे अनेक धनी सुखाने नांदतात. एकच नाव एकाच्या साबणाला आणि दुसऱ्याच्या सायकलीला असले तरी कायद्यास सहसा वावगे वाटत नाही, कारण गिऱ्हाइकाची त्यात फसगत होत नाही. महाराष्ट्रात वडगाव नावाची गावे किती आहेत हे मोजू जाणाराही थकेल. पण तालुका आणि जिल्हा पुढे लिहिला की प्रत्येक वडगावचे पत्र त्या-त्या वडगावी जाते. अंत्यपदाच्या पुढे मात्र लिहावयास काहीच उरलेले नसते. तेथे वडगाव एकच आणि त्याचा पाटीलही एकच.

प्रारंभी हा प्रश्न उद्भवला नाही, कारण अंत्यपदे मूठभर होती. १९८४ च्या ऑक्टोबरात जी योजना प्रसिद्ध झाली, तिच्यात व्यापार, शिक्षण, शासन, सैन्य आणि इतर संस्था यांच्यासाठी एकेक अंत्यपद होते. लवकरच त्यांत ‘डॉट नेट’ची भर पडली. देशांसाठी दोन अक्षरी अंत्यपदे ठरली. त्या वेळी हा कारभार पाहणारे जॉन पोस्टेल यांनी येथे मोठ्या शहाणपणाने वाट काढली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरविण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशांच्या संक्षिप्त नावांची जी यादी केली होती, ती त्यांनी जशीच्या तशी उचलली. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले. पुढे २०११ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ही मूळ यादीत दाखल झाले आणि २०१४ पासून त्याखाली लोकांस नावे मिळू लागली. अशा नावांविषयी वाद होण्याचे कारण नव्हते. देशाचे नाव देशाचे, हे सर्वांस मान्य होते.

१९९८ मध्ये या कारभारासाठी कॅलिफोर्निया राज्यात एक ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला आयकॅन म्हणतात. तिचे संचालक मंडळ अंतिम निर्णय करते. जगातील सरकारांसाठी तेथे एक सल्लागार समिती आहे आणि पावणेदोनशेहून अधिक सरकारे तिचे सभासद आहेत. संचालक मंडळात या समितीला मत नाही; तिला सल्ला देता येतो. मात्र समिती एकमताने जो सल्ला देते, त्याचे वजन फार मोठे असते. आणि एकमत याचा अर्थ, एकाही सरकारने उघड विरोध केलेला नसणे. अर्थात एका सरकारने हात वर केला तरी ते एकमत मोडते. सरकारांच्या आक्षेपांची पुढील सारी हकीकत या एका नियमाभोवती फिरते.

२०११ च्या जूनमध्ये सिंगापूर येथे आयकॅनने ठरविले की नव्या अंत्यपदांसाठी कोणत्याही संस्थेस अर्ज करता यावा. शुल्क एका अर्जास १,८५,००० डॉलर. एवढे शुल्क असता अर्ज थोडके येतील असे कोणास वाटले असेल, तर तो अंदाज साफ चुकला. १३ जून २०१२ रोजी अर्जांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची संख्या १,९३० भरली. त्यांत कंपन्यांची नावे होती, शहरांची होती, धर्मांची होती, आणि पुस्तक, दुकान, मद्य अशी सर्वसामान्य नामेही होती. सरकारांनी ती यादी चाळली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात २४२ आगाऊ इशारे प्रसिद्ध केले; त्यांतील १२९ एकट्या ऑस्ट्रेलियाचे होते. आगाऊ इशारा म्हणजे आक्षेप नव्हे; ‘या नावाने अमुक सरकारास चिंता वाटते’ एवढीच ती वर्दी. ती मिळाल्यावर अर्जदाराने एकवीस दिवसांत माघार घेतली, तर शुल्काचा ८० टक्के भाग त्यास परत मिळे.

आता स्थलनामांसंबंधी नियम काय होता, तो ध्यानात घ्यावयास हवा. देशांची नावे कोणासही मिळावयाची नव्हती. राजधानीच्या नावास संबंधित सरकारची संमती अवश्य होती. खंडांच्या व तत्सम विभागांच्या नावांस तेथील निदान ६० टक्के सरकारांचा पाठिंबा हवा होता. आणि देशांतर्गत प्रांतांची किंवा जिल्ह्यांची जी नावे आंतरराष्ट्रीय मानक यादीत आहेत, त्यांच्याशी तंतोतंत जुळणाऱ्या नावासाठीही त्या-त्या देशाची लेखी संमती लागे. मग अर्जदाराचा हेतू त्या प्रांताशी संबंध जोडण्याचा असो वा नसो.

या शेवटच्या कलमाचा फटका मुंबईस बसला. टाटा सन्स या कंपनीने ‘डॉट टाटा’साठी अर्ज केला होता. जमशेटजी टाटांनी १८६८ मध्ये ज्या व्यवसायाचा पाया घातला, त्याचे हे नाव भारतात पोराटोरांच्याही तोंडी आहे. परंतु आफ्रिकेच्या वायव्य टोकास असलेल्या मोरोक्को देशात, अँटी-ॲटलस पर्वताच्या दक्षिणेकडे, टाटा नावाचे एक गाव आणि त्याच नावाचा एक प्रांत आहे. नवसारीच्या पारशी घराण्याचा आणि सहाराच्या उंबरठ्यावरील या गावाचा काडीचाही संबंध नाही. रोमन लिपीत दोहोंची अक्षरे सारखी, एवढेच. पण प्रांत यादीत होता आणि अक्षरे जुळत होती. मोरोक्कोची संमती मिळाली नाही आणि २०१४ मध्ये तो अर्ज निष्फळ ठरला. गंमत अशी की ‘डॉट टाटामोटर्स’ हे लांब नाव याच समूहास विनासायास मिळाले. कारण त्या नावाचा प्रांत कोठेही नाही!

कोणी म्हणेल की हा अन्याय झाला. कोणी म्हणेल की एका लहान प्रांताचे नाव नियमाने राखले गेले. दोन्ही मते मांडता येण्यासारखी आहेत. परंतु एक गोष्ट निःसंशय आहे. नियम आधीपासून लिहिलेला होता, यादी सर्वांस उपलब्ध होती आणि कोणाचीही मर्जी सांभाळावी लागली नाही. नियम नसला म्हणजे काय होते, ते दुसऱ्या उदाहरणात दिसते.

अमेरिकेतील सिॲटल शहरच्या ॲमेझॉन कंपनीने ‘डॉट ॲमेझॉन’ आणि त्याच नावाची चिनी व जपानी रूपे मागितली होती. ही कंपनी १९९४ मध्ये पुस्तकविक्रीसाठी निघाली आणि जगातील महानदीचे नाव आपल्या दुकानासही मोठेपण देईल, या हेतूने ते तिने पुढे घेतले. त्या नदीच्या खोऱ्यात आठ देशांचे प्रदेश येतात आणि १९७८ च्या तहान्वये ते परस्परांशी सहकार्य करतात. त्यांपैकी ब्राझील व पेरू यांनी आगाऊ इशारा दिला. त्यांचे म्हणणे असे : ज्या अरण्यावर आणि पाण्यावर कोट्यवधी माणसे जगतात, त्याचे नाव एका परकीय कंपनीच्या खासगी मालकीचे झाले, तर उद्या त्या अरण्याच्या रक्षणाचे काम करणाऱ्यास, तेथील मूळ रहिवाशांस, किंवा त्या देशांच्या सरकारांस त्या नावाखाली उभे राहावयास जागाच उरणार नाही.

कंपनीचे उत्तरही दुबळे नव्हते. ब्राझीलमध्ये व पेरूत जो प्रांत आहे त्याचे नाव ‘ॲमेझोनास’. मानक यादीत आहे ते हेच. ‘ॲमेझॉन’ हे इंग्रजी रूप त्या यादीत नाही, आणि नद्यांच्या नावांविषयी तर मार्गदर्शिकेत काहीच नियम नाही. कंपनीचे व्यापारचिन्ह अनेक देशांत रीतसर नोंदलेले आहे. नदीचे नाव आणि दुकानाचे नाव इतकी वर्षे शेजारी-शेजारी चालत आले, तेव्हा कोणाची फसगत झाली नाही. शिवाय मुळात हे नाव तरी नदीकाठच्या लोकांनी कोठे दिले होते? १५४२ मध्ये ओरेयाना नावाच्या स्पॅनिश सरदाराची नावाडी टोळी त्या नदीतून समुद्रापर्यंत गेली. वाटेत लढणाऱ्या स्त्रिया भेटल्याचे तिने सांगितले आणि ग्रीक पुराणातील वीरांगनांचे नाव त्या नदीस चिकटले.

अर्थात हा शेवटचा युक्तिवाद फार ताणण्याजोगा नाही. नाव कोणी दिले यापेक्षा त्या नावाने आज कोण ओळखले जाते, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. परक्यांनी ठेवलेले नावही चारशे-पाचशे वर्षे वागविल्यावर माणसांचे स्वतःचे होऊन जाते.

समितीत प्रारंभी एकमत झाले नाही, कारण अमेरिकेचा विरोध होता. २०१३ च्या जुलैत दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे बैठक भरली, त्यापूर्वी अमेरिकेने आपण तटस्थ राहू असे जाहीर केले. हात वर करणारे कोणी उरले नाही आणि समितीचा सल्ला एकमताने गेला : हे अर्ज पुढे जाऊ नयेत. २०१४ च्या मे महिन्यात आयकॅनने त्याप्रमाणे ते फेटाळले. कंपनीने स्वतंत्र पंचांकडे दाद मागितली. २०१७ च्या जुलैत पंचांनी बहुमताने जो निर्णय दिला, तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा होय. त्यांनी सरकारांस खोटे ठरविले नाही किंवा कंपनीस नाव बहाल केले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, सरकारांनी ‘नको’ म्हटले म्हणून संचालकांचे कर्तव्य संपत नाही. हे नाव दिल्याने लोकहिताची कोणती हानी होते, याचा विचार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने करावयास हवा होता आणि तो त्यांनी केल्याचे कागदपत्रांत दिसत नाही.

मग तडजोडीचे प्रयत्न सुरू झाले. ते फसले, पुन्हा झाले, पुन्हा फसले. अखेर २०१९ च्या मे महिन्यात संचालकांनी कंपनीची योजना मान्य केली. खोऱ्यातील संस्कृती व वारसा यांच्याशी निगडित नावे बाजूस राखून ठेवावयाची आणि त्या देशांस आपापली ओळख सांगणारे एकेक नाव बिगरव्यापारी कामासाठी वापरू द्यावयाचे, अशी ती योजना होती. कोलंबियाने फेरविचाराची मागणी केली. ती अमान्य झाली आणि २०२० मध्ये ‘डॉट ॲमेझॉन’ मूळ यादीत आले. नदीकाठच्या देशांस हा पराभव वाटला यात नवल नाही. तथापि त्यांनी आक्षेप घेतला नसता, तर राखून ठेवलेली ती नावेही त्यांच्या पदरी पडली नसती.

इतर प्रकरणे निरनिराळ्या वाटांनी गेली. पॅटागोनिया हा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा प्रदेश. त्याच नावाची कपडे विकणारी एक अमेरिकन कंपनी आहे. अर्जेंटिना व चिली यांनी हरकत घेताच तिने २०१३ मध्ये अर्ज मागे घेतला. ‘डॉट आफ्रिका’साठी दोन अर्जदार होते; आफ्रिकी संघाचा पाठिंबा असलेल्या संस्थेस ते नाव पंचनिर्णय व न्यायालयीन खटला यांनंतर २०१७ मध्ये मिळाले. ‘डॉट वाइन’ व त्याच अर्थाचे फ्रेंच ‘डॉट व्हॅं’ यांस फ्रान्सने कसून विरोध केला. शॅम्पेनसारखे प्रदेशनाम त्या अंत्यपदाखाली भलत्यानेच घेऊन माल विकू नये, ही त्याची चिंता. पण अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांस ते पटेना. एकमत झाले नाही आणि मद्योत्पादकांनी अखेर अर्जदाराशीच समझोता केला. ‘डॉट इस्लाम’ व ‘डॉट हलाल’ ही नावे तुर्कस्तानातील एका कंपनीने मागितली होती. ५७ राष्ट्रांच्या इस्लामी सहकार्य संघटनेने विरोध केला आणि २०१८ मध्ये ती नाकारली गेली. सैन्य, नौदल व वायुदल या अर्थाची इंग्रजी अंत्यपदे मात्र मंजूर झाली. पण आपण सरकारी सैन्य आहोत असे कोणी भासवू नये, या अटीवर.

भारत सरकारची दोन प्रकरणे या मालिकेत बसतात. क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या एका मालमोटारीचे नाव इंग्रजीत ‘रॅम’, म्हणजे मेंढा. परंतु त्या तीन रोमन अक्षरांतच हिंदुस्थानातील कोट्यवधी लोक आपल्या आराध्य दैवताचे नाव वाचतात. दुसरा अर्ज ‘डॉट इंडियन्स’चा, तो तर मुंबईच्याच रिलायन्स कंपनीचा होता. अखिल भारतीय जनतेचे सामान्यनाम एका कंपनीच्या हाती का असावे, असा येथे सवाल होता. डर्बनच्या बैठकीत समितीने भारताच्या चिंतेची नोंद घेतली. आणि ही दोन्ही नावे मूळ यादीत आली नाहीत. आक्षेप परकीय कंपनीविरुद्ध जसा असतो तसाच स्वदेशी कंपनीविरुद्धही असू शकतो, हे यावरून दिसून येते.

आता या साऱ्याचा निष्कर्ष काय? सरकारांच्या हाती सरसकट नकाराधिकार दिला, तर तो नदी-पर्वतांच्या नावांपुरता राहील याची खात्री कोणी द्यावी? ज्या सरकारास एखादा विचार, एखादा पंथ किंवा एखादी भाषा खुपते, ते त्याच अधिकाराने तिचे नावही अडवू शकेल. उलट, शुल्क भरू शकेल त्याचे नाव, असा न्याय केला, तर ज्या समाजांपाशी लाखो डॉलर नाहीत आणि वकीलही नाहीत, त्यांची नावे लिलावात निघतील आणि त्यांना त्याची वार्ताही लागावयाची नाही. अशा समाजांच्या वतीने बोलावयास सरकारखेरीज दुसरे कोण आहे? म्हणून सरकारांस आवाज असावा हे युक्तच. परंतु त्या आवाजासोबत कारण असावे. टाटांच्या प्रकरणी कारण नियमात आधीच लिहिलेले होते. ॲमेझॉनच्या प्रकरणी कोणी ते विचारून घेतले नाही आणि त्यामुळे सात वर्षे गेली.

हा धडा पूर्णपणे वाया गेला नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकन सरकारची या व्यवस्थेवरील देखरेख संपली, त्या वेळी आयकॅनची घटनाही बदलली. सरकारांच्या समितीने आपला सल्ला कारणांसह लेखी द्यावा असे तीत आले. आणि तो सल्ला एकमताचा असेल तर नाकारण्यास संचालकांची ६० टक्के मते लागतील असेही ठरले. म्हणजे सल्ल्याचे वजन वाढले आणि त्याबरोबर सल्ला देणाराची जबाबदारीही.

नव्या फेरीचे अर्ज घेण्यास ३० एप्रिल २०२६ पासून प्रारंभ करावयाचे ठरविण्यात आले आणि शुल्क २,२७,००० डॉलर झाले. नद्या, डोंगर, जमाती, देवस्थाने यांची असंख्य नावे कोणत्याही मानक यादीत नाहीत. गोदावरीचे नाव घ्या, सह्याद्रीचे घ्या किंवा विठ्ठलाचे घ्या; ती कोणाच्या मालकीची, असे आजवर कोणी विचारले नाही, कारण ती सर्वांची होती. जे सर्वांचे असते त्याची राखण करणारा बहुधा कोणीच नसतो. तेव्हा अर्जांची यादी जेव्हा-जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा ती सरकारी कचेरीतील एका कारकुनाने चाळून भागणार नाही. ज्यांची ती नावे आहेत त्यांनीही तिच्यावरून एकदा नजर फिरवावी आणि हरकत घ्यावयाची तर ती वेळेवर व कारणासह घ्यावी. पाकिटावरची शेवटची ओळ एकदा दुसऱ्याच्या नावे लिहिली गेली, की मग वरचा पत्ता कितीही बिनचूक असून उपयोग नाही.